जोहार ते जय भीम



स्मरणिकेसाठी लेख द्या, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आपल्याच विहाराच्या पायरीवर दर रविवारी एक वाद चालतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. वंदना संपली, चपला घातल्या, की काही बांधव म्हणतात, आता आपण बौद्ध झालो, एकमेकांना 'नमो बुद्धाय' म्हणावं. दुसरे म्हणतात, आमच्या बापजाद्यांनी 'जय भीम' म्हटलं, आम्ही तेच म्हणणार. मग आवाज चढतात. एका रविवारी तर दोघे सख्खे साडू महिनाभर बोलेनासे झाले. भेटल्यावर काय म्हणायचं यावरून भेटणंच बंद, ही काही बरी गोष्ट नव्हे. म्हणून ठरवलं, की या शब्दांचा इतिहास जेवढा वाचून-ऐकून आम्हांला कळला, तेवढा इथं मांडावा. आम्ही सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभं राहून आयुष्य काढलेली माणसं, शाळा सातवीपर्यंतची. वाचन झालं ते रात्रपाळीनंतर. तेव्हा पंडितांची भाषा इथं मिळणार नाही.

सुरुवात जोहारापासून करायला पाहिजे. आजच्या पोरांना हा शब्द सांगितला तर ती हसतात. आमच्या आज्ज्याकडं सातारा जिल्ह्यातल्या गावाची तराळकी होती. तराळ म्हणजे गावकीचा महार. हातात काठी, अंगावर घोंगडं. पाटलाचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल पुढच्या गावात न्यायचं, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात कोसभर पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. या सगळ्या कामांत एक काम कुठल्या दप्तरात लिहिलेलं नव्हतं, पण ते चुकलं तर बाकीची कामं करून उपयोग नव्हता. ते म्हणजे जोहार घालणं. समोरून गावकरी आला, की वाटेच्या कडेला व्हायचं, कमरेत वाकायचं आणि हात जमिनीकडं नेऊन म्हणायचं, जोहार. समोरचा वयानं केवढा आहे हे बघायचं नाही. साठ वर्षांच्या आज्ज्यानं पाटलाच्या शेंबड्या पोरालाही जोहारच घालायचा. आणि उत्तर? आज्जी सांगायची, 'उत्तर कसलं बाबा, मान हालवली तरी दिवस चांगला गेला म्हणायचा.'

इथंच जोहाराची खोच आहे. माणसं भेटतात तेव्हा एक बोलतो आणि दुसरा उत्तर देतो. गावात मराठा मराठ्याला रामराम म्हणे, त्याला उलट रामराम मिळे. ब्राह्मण ब्राह्मणाला नमस्कार करी, त्याला नमस्कार मिळे. मानभाव पंथातले लोक एकमेकांना दंडवत प्रणाम म्हणत, तोही दोन्हीकडून. वारीत तर एकमेकांच्या पाया पडतात. जोहार मात्र एकाच बाजूनं जायचा. परत यायचा नाही.

संतांच्या वाङ्मयातही हा जोहार सापडतो. चोखोबांनी देवापुढं उभं राहून जोहार घातला, आणि एकनाथांनी महाराचं सोंग घेऊन भारुडात जोहार घातला. कीर्तनात लोक त्यावर डोलतात. आम्ही चोखोबांना दोष देत नाही. त्यांना जे बोलणं माहीत होतं तेच त्यांनी देवापुढं नेलं. पण देवाच्या दारातही माणसाला तराळाचंच बोलणं बोलावं लागलं, हे डोलता डोलता कुणाच्या ध्यानात येतं का, एवढंच आम्ही विचारतो.

भेटण्याचा शब्दसुद्धा जातीप्रमाणं वाटून दिलेला होता, याचे पुरावे हवे असतील तर मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडावा. भेट झाल्यावर ब्राह्मणाला 'कुशल' आहे का विचारावं, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला फक्त 'आरोग्य'. ख्यालीखुशाली विचारण्यातही चार कप्पे! त्याच अध्यायात सांगितलंय, की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय हे बापलेक समजावेत, आणि त्यातला बाप म्हणजे ब्राह्मण. जिथं राजाची ही गत, तिथं आमच्या आज्ज्याची काय कथा. हे पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का जाळलं, ते एवढ्या दोन श्लोकांवरूनही कळावं.

आणि हे नुसतं पुस्तकात होतं असं नाही. पेशवाईतली गोष्ट आहे. मुंबईतले सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, धोतराला ब्राह्मणांसारख्या निऱ्या घालू लागले आणि भेटल्यावर 'नमस्कार' म्हणू लागले. ब्राह्मणांना ते खपलं नाही. पेशव्यांकडून दाब आला, आणि १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सरकारनं हुकूम काढला, की सोनारांनी नमस्कार हा शब्द वापरू नये. समुद्रापलीकडून व्यापाराला आलेले गोरे साहेब, आणि त्यांच्या कचेरीतून कागद निघतो नमस्कार कुणी म्हणायचा याचा! बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या १९३६ च्या भाषणात सोनारांचं हे उदाहरण दिलंय. ते भाषण लाहोरच्या मंडळानं होऊच दिलं नाही, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. सोनार काही अस्पृश्य नव्हते, पैसेवाले होते. त्यांना नमस्काराची बंदी, तर महाराला जोहाराची सक्ती. एकाच गाठीची दोन टोकं.

जाता जाता एक सांगतो. हाच जोहार शब्द छोटानागपूरकडचे संथाळ, मुंडा, हो हे आदिवासी बांधव आजही भेटताना वापरतात, आणि मान ताठ ठेवून वापरतात. २००० साली झारखंड राज्य झालं, तिथं तर सभेची सुरुवातच जोहारानं होते. आपल्या गडचिरोली-चंद्रपुराकडचे गोंड बांधव 'जय सेवा' म्हणतात, 'सेवा जोहार'ही म्हणतात. आम्हांला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा नवल वाटलं. मग लक्षात आलं, की तिथं जोहार म्हणणाऱ्याला जोहारच परत मिळतो. शब्द तोच, पण वाट दुहेरी.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं. जमीन नावावर करून दिली आणि गावकीच्या बेगारीतून माणसं मोकळी केली. आपल्या इचलकरंजीजवळच्या माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली, ती याच वाऱ्यातली. तिथं महाराजांनी लोकांना सांगितलं, की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला. इंग्रजी मुलखात मात्र तराळकी चालूच राहिली. वतनं मोडायचा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजे बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. तोवर त्यांनी सारखं सांगितलं होतं, की या वतनानंच तुम्हांला गुलाम केलंय, भाकरीचा तुकडा टाका आणि मान सोडवा.

मान सोडवायची म्हणजे जोहार सोडायचा. पण त्याच्या जागी काय? पुष्कळ ठिकाणी आमच्या लोकांनी 'रामराम' धरला. त्यावरून मारामाऱ्या झाल्याचं जुनी माणसं सांगत. महारानं रामराम घातला म्हणजे तो बरोबरीला आला, असं गाव समजे. आणि खरंच, त्यासाठीच तो घातलेला असे. पण तो शब्द उसना होता.

आता ज्यांचं नाव या लेखात मोठ्या अक्षरात छापावं अशी आमची संपादक मंडळाला विनंती आहे, ते बाबू हरदास एल. एन. पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे. ६ जानेवारी १९०४ रोजी नागपूरजवळच्या कामठीला त्यांचा जन्म झाला. वडील रेल्वेत कारकून. वयाच्या सतराव्या वर्षी या पोरानं 'महारठ्ठा' नावाचं साप्ताहिक काढलं. सतरा वर्षं! आपल्या वस्तीतली सतरा वर्षांची पोरं आज काय करतात ते आम्ही लिहीत नाही. कामठीला त्यांनी रात्रशाळा चालवल्या, मुलींनाही शिकवलं, चोखामेळ्याच्या नावानं वाचनालय काढलं, विडी कामगारांना एकत्र केलं. तिकडं तेंदूच्या पानांवर बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या बायाबापड्यांना संघटना म्हणजे काय हे त्यांनी दाखवलं. आम्ही स्वतः कामगार असल्यानं आम्हांला या कामाची किंमत कळते.

गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा खरा पुढारी कोण, असा प्रश्न उभा केला गेला, तेव्हा हरदासांनी इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार करून कळवलं, की आमचे पुढारी डॉ. आंबेडकर. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठीतून हरदास मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले.

तर 'जय भीम' यांचा. असं सांगतात, की मुसलमान बांधव भेटल्यावर 'सलाम आलेकुम' म्हणतात आणि समोरचा 'वालेकुम सलाम' म्हणून तोच सलाम परत करतो, हे हरदासांच्या मनात बसलं. श्रीमंत असो, भिस्ती असो, सलाम एकच आणि उत्तरही एकच. एका मौलवींकडून त्यांनी त्याचा अर्थ समजून घेतला. मग १९३५ च्या सुमारास भीम विजय संघाच्या कार्यकर्त्यांना घेऊन त्यांनी प्रचार सुरू केला, की आपण भेटलो की एकानं 'जय भीम' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'बल भीम' म्हणून उत्तर द्यायचं. पुढं 'बल भीम' मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी 'जय भीम'च राहिलं. आमच्या मतानं हे लोकांनीच केलेलं चांगलं काम. आधी कोण म्हणालं आणि नंतर कोण, हा फरकसुद्धा पुसून टाकला.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. लोक आजवर देवाचं नाव घेऊन भेटत. इथं जिवंत माणसाचं नाव घेतलं गेलं, आणि तेही आपल्यातल्या. बाबासाहेबांचं वय तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीस. ज्या जातीच्या माणसाला गावात पूर्ण नावानं कुणी हाक मारत नव्हतं, भीमरावाचा भीम्या आणि रामजीचा राम्या करून टाकत होते, त्या जातीच्या माणसाच्या नावाचा जयजयकार वाटेत, बाजारात, गिरणीच्या फाटकावर व्हायला लागला.

हरदासांना क्षयानं गाठलं. १२ जानेवारी १९३९ ला ते गेले, पस्तीस वर्षांचे होऊन सहा दिवस झाले होते. कन्हान नदीच्या काठी त्यांची समाधी आहे, तिथं दरसाल लोक जमतात. आपल्या भागात त्यांचा फोटो किती विहारांत आहे? आम्ही सायकलवरून फिरून पाहिलंय, फार नाही.

पुढं १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला बावीस प्रतिज्ञांतली दुसरी प्रतिज्ञा राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, अशी. मग रामराम कुठं राहणार? पण तोंडातली सवय एका दिवसात जात नाही. आमची आज्जी दीक्षा घेतल्यावरही कितीतरी वर्षं भाजीवालीला रामरामच घालायची, आणि चूक ध्यानात आली की पाठोपाठ 'जय भीम गं बाई' म्हणायची. त्या भाजीवालीला वाटायचं, ही दोनदा नमस्कार करते, मोठी मायाळू आहे. कागदोपत्री बदल मात्र लवकर झाला. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' जाऊन पोस्टकार्डावर 'सप्रेम जय भीम' आलं. लग्नपत्रिकेवरचा गणपती गेला, तथागत आले.

आता 'नमो बुद्धाय'वाल्या बांधवांची बाजू. त्यांचं म्हणणं खोटं नाही. भिक्खूंना आपण 'वंदामि भन्ते' म्हणतो आणि ते 'सुखी होतु' असा आशीर्वाद देतात, ही चाल फार जुनी आहे. पण स्वतः तथागतांनी भेटण्या-वाकण्याबद्दल काय केलं, ते विनयपिटकातल्या दोन गोष्टींत आलंय.

पहिली उपालीची. शाक्यांचे राजपुत्र भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आणि आणखी काही जण प्रव्रज्या घ्यायला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. तथागतांपुढं गेल्यावर राजपुत्र म्हणाले, भन्ते, आम्ही शाक्य फार गर्विष्ठ. हा उपाली आमची चाकरी करत आला. याला आधी संघात घ्या, म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल, आणि आम्हांला त्याला वंदन करावं लागेल, त्याच्यासाठी उठून उभं राहावं लागेल. तथागतांनी तसंच केलं. संघात वंदन जातीनं नाही, दीक्षेच्या ज्येष्ठतेनं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही गोष्ट मुद्दाम घेतली आहे. मनूचा दहा वर्षांचा बाप आणि शंभर वर्षांचा लेक एका बाजूला ठेवा, आणि न्हाव्यापुढं वाकलेले राजपुत्र दुसऱ्या बाजूला.

दुसरी गोष्ट शिंकेची. तथागत धम्म सांगत असताना त्यांना शिंक आली. भिक्खूंनी मोठ्यानं 'जगा, जगा' असा गलका केला आणि प्रवचन थांबलं. तथागतांनी विचारलं, कुणी शिंकल्यावर जगा म्हटलं, तर त्यामुळं तो जगतो का, की न म्हटल्यानं मरतो? भिक्खू म्हणाले, नाही. मग असं म्हणू नका. पण पुढं झालं असं, की भिक्खूला शिंक आल्यावर लोक 'जगा भन्ते' म्हणत, आणि भिक्खू नियमाला धरून गप्प राहत. लोक रागावले, हे कसले श्रमण, साधं उत्तर देत नाहीत! हे कानावर आलं तेव्हा तथागत म्हणाले, गृहस्थांना शुभ शब्द आवडतात, त्यांनी 'जगा' म्हटलं तर तुम्ही 'चिरंजीव हो' म्हणत जा. बघा, नियम केला तो डोळस राहण्यासाठी, आणि ढिला केला तो माणसाचं मन मोडू नये म्हणून. आमच्या पायरीवरच्या भांडणाला ही गोष्ट फार उपयोगी आहे. आम्ही ती दोन्ही साडूंना वेगवेगळी बसवून सांगितली.

बौद्ध देशांत तरी सगळे एकच म्हणतात का? नाही. श्रीलंकेत 'आयुबोवन', म्हणजे दीर्घायुषी व्हा. ब्रह्मदेशात 'मिंगलाबा', त्यात आपलं पाली 'मंगल' आहे. इंग्रजी अमलात शाळेतल्या पोरांनी गुरुजींना गुड मॉर्निंग म्हणण्याऐवजी ते आलं. थायलंडचा 'सवात्दी' तर एका भाषेच्या प्राध्यापकानं १९३० नंतरच्या दशकात 'स्वस्ति'वरून बनवला आणि १९४३ साली सरकारनं तो देशभर चालू केला. म्हणजे जवळजवळ आपल्या जय भीमच्याच वयाचा. फरक एवढाच, की त्यांच्यामागं सरकार होतं आणि आपल्यामागं कामठीचे विडी कामगार. आणि युरोपात हंगेरीमध्ये रोमा म्हणून एक छळलेला समाज आहे. त्यातल्या काहींनी बाबासाहेब वाचून बौद्ध धम्म घेतला, शायोकाझा गावात २००७ च्या सुमारास त्यांच्या नावानं शाळा काढली. तीही माणसं जय भीम म्हणतात.

पण आपल्याकडं हा शब्द फुकट मिळालेला नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना ऑगस्टमध्ये मारण्यात आलं. मरताना त्यांनी जय भीम सोडला नाही, असं चळवळीत सांगितलं जातं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. २०१५ साली शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण उकरून त्याला ठार मारल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. नर्सिंग शिकणारं पोर होतं.

गिरणीतलं आमचं सांगायचं तर मुंबईच्या जुन्या गिरण्यांत आमच्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. आमच्या वेळी धोटा राहिला नव्हता, पण तोंडाचा प्रश्न राहिला होता. आम्ही पाळी बदलताना जॉबरला जय भीम घातला, की तो रामराम म्हणून उत्तर देई. काही हरकत नाही, उत्तर तर आलं. खात्यातला एक मुसलमान डॉफर मात्र लांबूनच हात वर करून 'जय भीम चाचा' म्हणायचा आणि आम्ही त्याला सलाम घालायचो. दुपारच्या सुट्टीत लाल बावट्यावाले लाल सलाम करत, सेनेची पोरं जय महाराष्ट्र म्हणत. एका डब्याच्या बाकड्यावर चार-पाच तऱ्हेचे नमस्कार, आणि लोणचं एकच.

आज आमची शिकलेली पोरं कंपनीत, बँकेत आहेत. घरून फोन गेला की आधी आजूबाजूला बघतात, मग हळू आवाजात 'हां, जय भीम, नंतर करतो' म्हणतात. आम्ही रागावत नाही. शहरात भाड्याची खोली बघायला गेलेल्या पोराला हा एक शब्द किती महाग पडतो, ते त्याचं त्यालाच माहीत. पण घरात, वस्तीत आणि विहारात तरी त्यानं तो पूर्ण आवाजात म्हणावा, अशी आमची अपेक्षा आहे. २०२१ साली 'जय भीम' नावाचा तमिळ चित्रपट आला, तेव्हा ज्यांनी कधी हा शब्द उच्चारला नव्हता असे लोक तिकिटाशिवाय मोबाईलवर तो बघून आम्हांला त्याचा अर्थ विचारू लागले. आम्ही ज्याला-त्याला कामठीपासून सांगायला बसतो, त्यामुळं हल्ली कुणी विचारत नाही.

विहाराच्या बैठकीत यंदा एवढं ठरलं आहे: भन्तेंना 'वंदामि भन्ते', आपसात ज्याला जे म्हणायचं ते, आणि समोरच्यानं जे म्हटलं तेच त्याला परत द्यायचं. रविवारच्या वर्गातली मुलं दोन्ही एका दमात म्हणतात, 'नमो बुद्धाय, जय भीम'. वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर कुठलं आधी छापायचं यावर पुन्हा दीड तास गेला. शेवटी छापखानेवाल्यानं दोन्ही एकाच ओळीत, डावीकडं एक आणि उजवीकडं एक असं बसवून दिलं, आणि आम्ही सह्या केल्या.